युद्धकैद्याचा शब्द कुणाच्या मालकीचा?

प्रश्न असा आहे: युद्धात पकडलेल्या सैनिकाने ‘पुन्हा तुमच्याविरुद्ध शस्त्र धरणार नाही’ असा शब्द दिला, तर त्याला घरी सोडणे नैतिकदृष्ट्या योग्य आहे का? व्यवहारात ते जमते का? आणि उद्या आपल्याच घरातला जवान शत्रूच्या हाती लागला आणि शत्रूने त्याला असा पॅरोल देऊ केला, तर त्याने तो घ्यावा का?

उत्तर आधी सांगतो, कारणे मग. धडधाकट सैनिकांना सरसकट पॅरोलवर सोडू नये. जखमी आणि आजारी कैद्यांना मात्र सोडावे. ही दुसरी वाट कायद्याने उघडी ठेवलेली असूनही फारसे कुणी तिच्याकडे वळत नाही, ही मला आपल्या काळाची मोठी चूक वाटते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शेवटी देतो, कारण पहिल्या दोन प्रश्नांची गाठ सुटल्याशिवाय त्याला हात घालता येत नाही.

मी लष्कराच्या कायदा विभागात वीसेक वर्षे काढली. शेवटची काही वर्षे तरुण अधिकाऱ्यांना युद्धाचे कायदे शिकवण्यात गेली. हा विषय आला की मी त्यांच्यापुढे एक कागद ठेवायचो. तुमची कंपनी शंभर-सव्वाशे जणांची आहे, हाती दीडशे कैदी लागले आहेत, त्यात बाराजण स्ट्रेचरवर, पिण्याचे पाणी उद्या दुपारपर्यंतचे, मागे न्यायला दोन ट्रक आणि पुढे सरकण्याचा हुकूम पहाटे चारचा. काय कराल? दर वर्षी कुणीतरी म्हणायचेच, ‘‘सर, बूट काढून घेऊ, शपथ घेऊ आणि सोडून देऊ.’’ उत्तर वाटते तितके भाबडे नाही. शेकडो वर्षे सेनापतींनी हेच केले, आणि कैद्यांवर दया आली म्हणूनच केले असेही नाही. कैदी म्हणजे तोंड, पाणी, डॉक्टर आणि पहारा. काही कैद्यांमागे आपला एक माणूस आघाडीवरून कमी होतो, हे रणांगणावरचे पहिले गणित.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडे पॅरोल म्हटले की तुरुंगातून आईच्या आजारपणासाठी मिळालेली रजा डोळ्यांपुढे येते. युद्धातला पॅरोल वेगळा. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थच ‘दिलेला शब्द’. कोर्टात आरोपीला जातमुचलक्यावर सोडतात ना, तसा हा सैनिकाचा जातमुचलका. जामीनदार कुणी नाही, तारण एकच, स्वतःची अब्रू. तो दोन तऱ्हेचा असतो. एक, घरी जा पण या युद्धात पुन्हा उतरू नकोस. दुसरा, छावणीबाहेर फिरून ये पण पळू नकोस. नेपोलियनच्या काळात इंग्लंडमधल्या काही गावांत फ्रेंच अधिकारी भाड्याच्या घरांत राहत आणि गावाबाहेर रस्त्याने एक मैलापर्यंत फिरत, ते या दुसऱ्या प्रकारावर. त्यांच्यातला एक सेनापती, लफेव्र-दनुएत, १८१२ साली चेल्टनहॅमहून शब्द मोडून पळाला आणि थेट नेपोलियनच्या रशियाच्या मोहिमेत सामील झाला.

मराठी माणसाला मात्र पहिल्या प्रकाराची गोष्ट शाळेपासून पाठ असते, फक्त तिला पॅरोल म्हणतात हे कुणी सांगितलेले नसते. १६७३ साली विजापूरच्या पश्चिमेला उमराणीजवळ प्रतापराव गुजरांनी बहलोलखानाला कोंडले. पाणी तोडले. खान काकुळतीला आला, पुन्हा वाटेला जाणार नाही असे म्हणाला, आणि प्रतापरावांनी त्याला जाऊ दिले. शिवाजी महाराजांना हे कळले तेव्हा ते संतापले. वर्षभराच्या आत तोच खान पुन्हा स्वराज्यावर चालून आला. महाराजांच्या शब्दांनी घायाळ झालेले प्रतापराव २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीजवळ मोजक्या साथीदारांनिशी त्याच्यावर तुटून पडले आणि गेले.

आपण ही गोष्ट शौर्याची म्हणून सांगतो, आणि ते बरोबरच आहे. मी ती वर्गात दुसऱ्या कारणासाठी सांगायचो. महाराजांचा राग खानाच्या लबाडीपेक्षा आपल्या सरनौबतावर होता. का? कारण प्रतापरावांनी जे सोडले ते त्यांचे स्वतःचे नव्हते. कोंडलेला शत्रू ही राज्याची मिळकत होती, आणि ती एका माणसाच्या तोंडच्या शब्दावर, राजाला न विचारता, सोडून दिली गेली. खानाचा शब्दही तसाच अधांतरी होता. त्याच्यामागे विजापूरच्या दरबाराची मोहोर नव्हती. दरबाराने उद्या ‘घोड्यावर बैस’ म्हटले तर त्याने काय करायचे? धन्याला दिलेला शब्द मोडायचा की शत्रूला दिलेला? पॅरोलचे सगळे दुखणे या एका प्रश्नात आहे. कैदी जो शब्द देतो तो त्याच्या एकट्याचा नसतो.

पूर्वीच्या राज्यकर्त्यांनी यावर ओलिसाचा उपाय काढला होता. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ साली शाहूराजे सुटले, पण मातोश्री येसूबाई मोगलांकडेच राहिल्या, त्या थेट १७१९ साली बाळाजी विश्वनाथांबरोबर परतल्या. मुलाच्या शब्दाला आईची कैद तारण ठेवलेली. तो उपाय चालत असे हे खरे, पण आज जिनिव्हा करार ओलीस ठेवायला साफ मनाई करतात आणि ती मनाई योग्य आहे. तेव्हा शब्दामागे अब्रूखेरीज काय उभे करायचे, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर शोधण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न अमेरिकेच्या यादवी युद्धात, म्हणजे उत्तरेची आणि दक्षिणेची राज्ये आपसांत लढली तेव्हा, झाला. पॅरोलचा अभ्यास करायचा तर तिथेच जावे लागते, कारण ही व्यवस्था लाखो माणसांवर चालवून पाहिली गेली आणि ती कशी मोडली तेही तिथेच दिसते.

२२ जुलै १८६२ रोजी उत्तरेचे जनरल डिक्स आणि दक्षिणेचे जनरल हिल यांनी एक करार केला. पकडलेल्या प्रत्येक कैद्याला १० दिवसांच्या आत पॅरोलवर सोडायचे. सुटलेल्याने किल्ल्यात, ठाण्यावर, पोलिसात, कोठाराच्या पहाऱ्यावर, म्हणजे सैनिकाच्या कुठल्याही कामावर जायचे नाही. कधीपर्यंत? त्याच्या बदल्यात समोरच्या पक्षाचा तेवढ्याच हुद्द्याचा माणूस मोकळा झाला अशी नोंद दोन्ही वह्यांत होईपर्यंत. ती नोंद झाली की त्याचा शब्द फिटला, मग पुन्हा बंदूक उचलायला हरकत नाही. हुद्द्यांचा दर ठरला होता. लेफ्टनंट म्हणजे ४ शिपाई, कॅप्टन ६, कर्नल १५, ब्रिगेडियर जनरल २०, सरसेनापती ६०. पूर्वेकडे जेम्स नदीकाठी आणि पश्चिमेकडे मिसिसिपीवर व्हिक्सबर्गला देवाणघेवाणीची ठिकाणे, दोन्हीकडे एकेक प्रतिनिधी, आणि याद्या. म्हणजे अब्रूच्या जोडीला हिशेब आला. माझ्या मते ही खरी सुधारणा होती. कुणाचा शब्द कधी फिटला हे कागदावर दिसू लागले.

काही महिने हे बऱ्यापैकी चालले. मग चिरा दिसू लागल्या, आणि पहिली चीर शत्रूच्या बाजूने आली नाही. शिपायांच्या लक्षात आले की पकडले जाणे म्हणजे घरी जाणे. काहीजण तुकडीमागे रेंगाळू लागले, जाणूनबुजून हाती लागू लागले. तेव्हा उत्तरेच्या सरकारने पॅरोलवरच्या आपल्या शिपायांना घरी न पाठवता स्वतःच्याच छावण्यांत डांबले. सप्टेंबर १८६२ मध्ये हार्पर्स फेरीला उत्तरेचे १२ हजारांवर सैनिक शरण आले आणि पॅरोलवर सुटले. त्यातल्या हजारोंना शिकागोच्या कॅम्प डग्लसमध्ये ठेवले, जिथे त्याआधी दक्षिणेचे कैदी होते. ज्या शिपायाने शत्रूला प्रामाणिकपणे शब्द दिला, तो आपल्याच सरकारच्या कुंपणात बसला. कवायतीला चला म्हटले की ही माणसे म्हणत, आम्ही शपथ घेतली आहे. दंगे झाले, बराकींना आगी लागल्या. मिनेसोटाच्या तिसऱ्या रेजिमेंटची गोष्ट याहून बोलकी आहे. टेनेसीत पकडली गेलेली ही रेजिमेंट पॅरोलवर होती. तिला परत मिनेसोटात नेऊन डकोटा आदिवासींविरुद्ध उभी केली आणि २३ सप्टेंबर १८६२ रोजी ती वुड लेकला लढली. युक्तिवाद सोपा होता: शब्द दक्षिणेला दिला होता, डकोटांना नव्हे. कागदावर तो टिकेलही. पण या माणसांना इथे वापरले तेव्हा दक्षिणेविरुद्ध लढायला दुसरी धडधाकट पलटण मोकळी राहिली. शब्दाचे अक्षर पाळून त्याचा प्राण काढून घेता येतो, तो असा.

आता व्हिक्सबर्ग. ४७ दिवसांच्या वेढ्यानंतर ४ जुलै १८६३ रोजी दक्षिणेच्या जनरल पेंबर्टनने गाव उत्तरेच्या जनरल ग्रँटच्या हवाली केले. २९ हजारांहून अधिक उपाशी माणसे ग्रँटच्या पदरात पडली. त्यांना उत्तरेकडे न्यायचे तर मिसिसिपीवरच्या सगळ्या आगबोटी अडकणार, पहाऱ्याला पलटणी जाणार. ग्रँटने पॅरोल दिला, पण गठ्ठ्याने नाही. छापील फॉर्म, त्यात रिकाम्या जागा: नाव, हुद्दा, कंपनी, रेजिमेंट. प्रत्येकाने स्वतः सही किंवा खूण करायची. सगळ्यांचे उरकायला आठवडा गेला. सातशेच्या आसपास जणांनी सही करायला नकार दिला. आम्हाला कैदी म्हणून उत्तरेकडे न्या, असे त्यांचे म्हणणे, कारण पॅरोलवर सुटले की आपलेच सरकार पुन्हा लढाईत लोटेल अशी त्यांना भीती होती. पेंबर्टनने आणखी एक मागणी केली. आपली माणसे कूच करताना वाटेतून पळतील, त्यांना धरून ठेवायला एका बटालियनपुरत्या बंदुका द्या. ग्रँटने नाही म्हटले. त्याला तेच हवे होते. थकलेला माणूस घरी पोचला की परतणार नाही, यावर त्याची भिस्त होती. सहीच्या कागदापेक्षा पायातल्या थकव्यावर त्याचा अधिक विश्वास होता, आणि माणसे ओळखण्यात तो कच्चा नव्हता.

पुढे काय झाले? दक्षिणेच्या प्रतिनिधीने, रॉबर्ट औल्डने, व्हिक्सबर्गच्या बऱ्याच माणसांना आपल्या बाजूने परस्पर ‘मोकळे’ जाहीर करून टाकले. बदल्यात कोण, यावर दोन्ही वह्या जुळेनात. नोव्हेंबरमध्ये चॅटनूगाच्या लढाईत ग्रँटच्या सैन्यासमोर व्हिक्सबर्गला सुटलेली स्टीव्हन्सनची डिव्हिजन उभी होती. लक्षात घ्या, यातल्या शिपायाने शब्द मोडला असे मी म्हणणार नाही. त्याला वरून सांगण्यात आले की तुझा शब्द फिटला. वही फाटली ती सरकारांच्या हातून.

वही फाटायचे याहून खोल कारण दुसरे होते, आणि तिथे प्रश्न व्यवहाराचा राहत नाही. १८६३ पासून उत्तरेच्या सैन्यात कृष्णवर्णीय पलटणी मोठ्या संख्येने आल्या. दक्षिणेची भूमिका होती की हे सैनिक नव्हेत, पळालेले गुलाम आहेत. त्यांना मालकांकडे परत करू, त्यांच्या गोऱ्या अधिकाऱ्यांवर बंड भडकवल्याचे खटले भरू. ज्या वहीत कर्नलची किंमत १५ शिपाई, त्या वहीत यांच्या नावाला ओळच नाही. उत्तरेचे अध्यक्ष लिंकन यांनी ३० जुलै १८६३ रोजी हुकूम काढून रंगावरून कैद्यांत भेद खपवून घेणार नाही असे बजावले. देवाणघेवाण जवळपास थांबली. एप्रिल १८६४ मध्ये ग्रँटने स्पष्ट केले की काळ्या-गोऱ्या कैद्यांना एकच न्याय मिळत नाही तोवर पुढचे बोलणे नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याने दुसरे कारणही लिहून ठेवले: सोडलेला प्रत्येक दक्षिणी सैनिक पुन्हा आमच्यासमोर उभा राहतो, तेव्हा तुरुंगातल्या आपल्या माणसांवर हे कठोर असले तरी रांगेत उभ्या असलेल्यांवर ती दया आहे.

या निर्णयाची किंमत जॉर्जियातल्या अँडरसनव्हिलला मोजली गेली. फेब्रुवारी १८६४ मध्ये उघडलेल्या त्या उघड्या कुंपणात सव्वा वर्षात सुमारे ४५ हजार माणसे आली आणि त्यातली सुमारे १३ हजार मेली. छप्पर नाही. मधून वाहणारा एक ओढा, तोच प्यायला आणि तोच शौचाला. उत्तरेच्या एल्मायरा छावणीतही सुमारे १२ हजारांतले जवळजवळ ३ हजार दक्षिणी कैदी गेले. मला अनेकदा विचारतात, ग्रँट बरोबर होता का? काळ्या सैनिकाला वगळून वही पुन्हा उघडायची नाही, यावर तो बरोबर होता, आणि याबाबत मी एक पाऊलही मागे घेणार नाही. एका सैनिकाचा शब्द घ्यायचा आणि दुसऱ्याला शब्द देण्याची लायकीच नाही म्हणायचे, ही व्यवस्था उभी राहण्याच्या लायकीची नव्हती. पण आजारी, हाडे निघालेल्या माणसांपुरती वेगळी वाट दोन्ही सरकारांनी लवकर काढायला हवी होती. ती निघाली १८६४ च्या अखेरीस. तोवर अँडरसनव्हिलची दफनभूमी भरत आली होती.

याच युद्धाने पॅरोलची उजळ बाजूही दाखवली. ९ एप्रिल १८६५ रोजी ॲपोमॅटॉक्सला दक्षिणेचा सेनापती ली याच्या सैन्याने शस्त्रे ठेवली. हलत्या छापखान्यांवर पॅरोलचे पास छापून सुमारे २८ हजार माणसांना वाटले. अट एकच, शब्द पाळा, कायद्याने राहा, तुम्हाला कुणी हात लावणार नाही. दोन महिन्यांत नॉरफोकच्या ग्रँड ज्युरीने लीवर राजद्रोहाचा आरोप ठेवला. तेव्हा ग्रँट अध्यक्ष जॉन्सनपुढे उभा राहिला आणि म्हणाला, मी दिलेला शब्द मोडणार असाल तर मी राजीनामा देतो. खटला पुढे सरकला नाही. पॅरोलविषयी बोलताना कैद्याने शब्द पाळला का एवढेच सगळे विचारतात. सोडणाऱ्यानेही शब्द दिलेला असतो.

तो सोडणाऱ्याला पाळता आला नाही तर काय होते, हे दक्षिण आफ्रिकेतल्या, इंग्रज आणि बोअर (डच वंशाचे शेतकरी) यांच्यातल्या बोअर युद्धात दिसले. मार्च १९०० मध्ये लॉर्ड रॉबर्ट्सने जाहीर केले की जे बोअर शस्त्र ठेवून तटस्थतेची शपथ घेतील त्यांनी आपापल्या शेतावर परतावे. हजारो परतले. पण इंग्रज फौज पुढे निघून गेली, आणि मागे शेतावर बसलेल्या माणसाच्या दारात रात्री बोअर सेनापती द वेटचे घोडेस्वार उभे राहू लागले: चल आमच्याबरोबर. गेला नाही तर देशद्रोही, गेला तर शब्दभंग करणारा, आणि मग इंग्रज येऊन घर जाळणार. संरक्षण देण्याची ताकद नसताना माणसाकडून शपथ घेणे हा मी गुन्हाच मानतो, मग कायदा काहीही म्हणो. त्या युद्धातले हजारो बोअर कैदी हिंदुस्थानात आणले होते, त्यातले बरेच आपल्या नगरच्या भुईकोट किल्ल्यात. १९०२ साली तह झाल्यावर घरी जाण्यासाठी त्यांना ब्रिटिश राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागणार होती. काहींनी ती नाकारली आणि युद्ध संपूनही ते अडकून पडले. नगरला नेमणुकीवर असताना त्या खंदकाच्या कडेने मी पुष्कळदा चाललो आहे. सही केली की घर, नाही केली की हा खंदक. अशा जागी घेतलेली सही कितपत मोकळ्या मनाची?

हा मला पॅरोलवरचा सर्वांत गंभीर नैतिक आक्षेप वाटतो. बेड्यांतल्या माणसाचा शब्द मुक्त असतो का? म्हणूनच कायद्याने हळूहळू कैद्याला कवच दिले. एप्रिल १८६३ मध्ये लायबर या प्राध्यापकाने उत्तरेच्या सैन्यासाठी नियमावली लिहिली (या माणसाचे मुलगे त्या युद्धात दोन्ही बाजूंनी लढले होते). त्यात रणांगणावर घाऊक पॅरोल अमान्य ठरवला, साध्या शिपायाने अधिकाऱ्यामार्फतच शब्द द्यावा असे म्हटले, आणि सरकारला तो पॅरोल मंजूर नसेल तर कैद्याने परत कैदेत जावे असे सांगितले. पुढे हेगच्या आंतरराष्ट्रीय युद्धनियमांत आले की पॅरोल घ्यायची सक्ती करता येणार नाही, आणि घेतला तर त्याच्या सरकारने त्या शब्दाविरुद्धचे काम त्याला सांगू नये. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराच्या कलम २१ ने हे सगळे पुढे नेले आणि एक महत्त्वाची ओळ घातली: कैद्याची तब्येत सुधारायला मदत होणार असेल तर पॅरोल विशेषकरून द्यावा. शिवाय लढाई सुरू होताच आपल्या सैनिकांना शब्द द्यायची मुभा आहे की नाही, हे प्रत्येक पक्षाने दुसऱ्याला कळवायचे. म्हणजे शब्दाची मालकी कुणाची हे आधीच जाहीर करायचे. उमराणीला जे नव्हते ते हेच.

दुसरा आक्षेप मागे राहिलेल्यांचा. अमेरिकेने १९५५ साली सैनिकांसाठी आचारसंहिता काढली, तीत शत्रूकडून पॅरोल किंवा खास मेहेरबानी घेणार नाही असे वचनच आहे. व्हिएतनाममध्ये त्याचा कस लागला. उत्तर व्हिएतनाम निवडक कैद्यांना लवकर सोडून प्रचार करत असे. कैद्यांनी आपसांत ठरवले, आधी आजारी आणि जखमी, मग पकडले गेल्याच्या क्रमाने. एक अपवाद त्यांनी स्वतः केला. डग हेगडाल नावाच्या कोवळ्या नाविकाला वरिष्ठांनी हुकूम दिला की तू जा. १९६९ साली तो सुटला तेव्हा त्याच्या डोक्यात २५० च्या वर सहकैद्यांची नावे पाठ होती. कित्येक घरांना आपला माणूस जिवंत असल्याचे त्यामुळे कळले. इथे त्याची सुटका सगळ्या छावणीच्या मालकीची होती. आपल्याकडे १९६५ साली फ्लाइट लेफ्टनंट करिअप्पा पाकिस्तानच्या हाती लागले तेव्हा पाकिस्तानचे अध्यक्ष अयूबखान यांनी त्यांच्या वडिलांना, जनरल करिअप्पांना, मुलाला सोडण्याची तयारी कळवली. वडिलांनी एकट्या मुलासाठी वेगळी वागणूक नाकारली, सगळेच कैदी माझे मुलगे असे कळवले. पॅरोल नव्हता तो, पण नीती तीच.

१९७१ च्या युद्धानंतरचे कैदी कुणीतरी हमखास काढतो. नागरिक धरून सुमारे ९३ हजार माणसे आपल्याकडे होती आणि शेवटची तुकडी एप्रिल १९७४ मध्ये वाघ्याहून परतली. माझ्या पहिल्या पलटणीतले एक सुभेदार साहेब तेव्हा शिपाई म्हणून अशा छावणीच्या पहाऱ्यावर होते. ते सांगायचे, ‘‘साहेब, रोज मोजायचं, पुन्हा मोजायचं. एखादा कमी भरला की आमचा जीव टांगणीला. तारेच्या आत ते, बाहेर आम्ही, घरी दोघंही नाही.’’ पण तिथे पॅरोलचा प्रश्नच नव्हता. लढाई थांबल्यावर सुटका हा कलम ११८ प्रमाणे कैद्याचा हक्क आहे, त्यासाठी त्याच्याकडून कसला शब्द मागायचा? तिथला सगळा तिढा राजकारणाचा होता.

मग आजच्या काळात काय जमेल? घरी सोडलेला धडधाकट सैनिक आज बंदूक न उचलताही लढू शकतो. ड्रोन पडद्यामागून उडतो, नकाशा खोलीत बसून वाचता येतो. त्याने शब्द मोडला हे सिद्ध कसे करणार? अलीकडचे उदाहरण ताजे आहे. सप्टेंबर २०२२ मधल्या अदलाबदलीत मारियुपोलच्या अझोवस्ताल कारखान्यात लढलेल्या पाच युक्रेनी कमांडरांना तुर्कस्तानात, युद्ध संपेपर्यंत राहण्याच्या बोलीवर, ठेवले गेले. जुलै २०२३ मध्ये झेलेन्स्की त्यांना घेऊन मायदेशी आले. रशियाने करारभंगाची ओरड केली. कोण बरोबर, हा वाद इथे नको. मला दिसते ते एवढेच, की अशा प्रत्येक प्रसंगानंतर पुढच्या कैद्याची वाट अरुंद होते.

म्हणून मी सगळा जोर जखमी-आजाऱ्यांवर देतो. त्यांच्यासाठी कायद्याने वैयक्तिक शब्दाहून भक्कम गोष्ट केली आहे. तिघांचे वैद्यकीय मंडळ, दोन डॉक्टर तटस्थ देशाचे, एक कैदेत ठेवणाऱ्या देशाचा. त्यांनी गंभीर ठरवलेला कैदी युद्ध चालू असतानाच घरी जातो आणि कलम ११७ प्रमाणे त्याला पुन्हा सक्रिय लष्करी सेवेत घेता येत नाही. इथे शब्द राष्ट्राचा आहे, एकट्या खाटेवरच्या माणसाचा नाही. जे तितके गंभीर नाहीत त्यांच्यासाठी तटस्थ देशात राहण्याची सोय. पहिल्या महायुद्धात १९१६ पासून स्वित्झर्लंडने हजारो आजारी फ्रेंच, जर्मन, ब्रिटिश कैदी असे सांभाळले. नावे, हुद्दे, तारखा यांची यादी रेडक्रॉसकडे, आणि सोडणाऱ्याने, घेणाऱ्याने, सांभाळणाऱ्याने, तिघांनी सही केलेली. कॅप्टन ६ आणि कर्नल १५ असला दर मात्र नको. क्षयाला हुद्दा कळत नाही.

तात्पुरत्या पॅरोललाही माझा पाठिंबा आहे. पहिल्या महायुद्धात जर्मन छावण्यांतले ब्रिटिश अधिकारी फिरायला जाताना कार्डावर सही करत, परत आल्यावर ते कार्ड परत घेत. कार्ड बाहेर असेतो शब्द बांधलेला, हाती आले की मोकळा, मग रात्री भुयार खणायला हरकत नाही. कॅप्टन रॉबर्ट कॅम्पबेल माग्डेबुर्गच्या छावणीत होता. आई कर्करोगाने मरणाला टेकल्याचे कळले, त्याने जर्मन सम्राट कैसरला पत्र लिहिले. १९१६ साली त्याला शब्दावर दोन आठवड्यांची मुभा मिळाली. तो केंटला जाऊन आईला भेटला आणि परत छावणीत आला. नंतर त्याने पळण्याचाही प्रयत्न केला, हॉलंडच्या सरहद्दीजवळ पकडला गेला. दोन्ही गोष्टी अब्रूच्याच होत्या. एका जर्मन कैद्याने इंग्लंडमध्ये तशीच विनंती केली तेव्हा ब्रिटिशांनी ती फेटाळली. त्या कैद्याचीही आई होती, आणि त्या फेटाळणीचे समर्थन मला अजून सापडलेले नाही.

आता सुरुवातीचा तिसरा प्रश्न. आपला जवान तिकडे आहे आणि त्याच्यापुढे कागद ठेवला आहे. त्याने आधी विचारावे, माझ्या देशाने मला अशी सही करायची मुभा दिली आहे का? नसेल तर सही करू नये, कारण देऊन टाकायला तो शब्द त्याचा नाही. मुभा असेल तर छावणीतल्या ज्येष्ठाला विचारावे, तो हवालदार असला तरी. माझ्याआधी पकडलेला किंवा माझ्याहून आजारी कुणी आहे का, हे पाहावे. असेल तर त्याचे नाव पुढे करावे. तो स्वतःच आजारी असेल आणि ज्येष्ठ म्हणाला जा, तर मान वर करून जावे. कागद नीट वाचावा, त्यात युद्धाबद्दल, आपल्या देशाबद्दल एखादे वाक्य घुसडले असेल तर ते खोडायला लावावे, आणि निघण्याआधी जमतील तितक्या सोबत्यांची नावे आणि त्यांची गावे पाठ करावीत.

आणि घरी पोचल्यावर कुणी त्याला ‘शत्रूला दिलेला शब्द कसला पाळतोस’ म्हणाले, तर त्या वेळी त्याच्या बाजूने उभे राहण्याचे काम तुमचे आहे. त्याच्यामागे त्याच तारेच्या आत बसलेल्यांची सुटका त्या सहीवर अवलंबून आहे.